वांगी आधीच भाजली होती

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि आमच्या मंगलापासून एखादी गोष्ट लपवून ठेवणं म्हणजे काय असतं, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. डॉक्टरांनी एकदा विचारलं, नाना, एवढं कशाचं टेन्शन घेता? मी म्हटलं, लोणचं जास्त होतंय जेवणात. सुटलो. असाच वर्षानुवर्षं सुटत आलोय. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण हे छापून आलं की मला चांगली ओळखणारी दोन माणसंही वाचतील, हे पक्कं ठाऊक आहे. एक सावद्यात राहतं, एक धुळ्यात.

माझं सावद्याला शेतीच्या औषधांचं दुकान आहे. बियाणं, खतं, फवारणीच्या बाटल्या. दुकान कसं चालतं ते आधी सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. शेतकरी सकाळी येतो, पिशवीतून केळीचं पान काढतो आणि काउंटरवर ठेवतो. बोलत काही नाही. मी पान उलटं करतो, उजेडात धरतो, करपा आहे की आणखी काही ते बघतो, आणि फळीवरची बाटली काढून त्याच पानावर ठेवतो. तो बाटली पिशवीत टाकतो, चहा पितो, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं ते सांगतो आणि जातो. किती पाण्यात किती टाकायचं, एवढंच विचारतात. बाटलीत काय आहे हे कोणी विचारत नाही. 'नानानं दिलं' म्हटलं की संपलं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हीच रीत.

आता माझी ख्याती ऐका. आमच्या भागात मी 'नाही म्हणणारा माणूस' म्हणून प्रसिद्ध आहे. खोटं नाही सांगत — म्हणजे, हे तरी खोटं नाही सांगत. शाळेत गॅदरिंग असलं की मला बोलावतात. पोरांना चार शब्द सांगा नाना, मोह कसा टाळायचा ते सांगा. मी जातो. शाल घेतो, नारळ घेतो. समोर आलेली प्रत्येक संधी आपली नसते, असं घसा खाकरून सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात, मास्तर डोळे पुसतात. आणि मी खुर्चीवर बसून विचार करतो — हा बोलतोय कोण? मला खरंच त्याचं कुतूहल वाटतं. राग नंतर येतो, आधी कुतूहल.

सांगतो ती हकिकत अशी. बारा-एक वर्षं झाली. बाहेरच्या एका कंपनीनं केळीचा घड फुगवायचं औषध आणलं होतं. आमच्या सगळ्या पट्ट्यासाठी एकाच दुकानाला एजन्सी द्यायची होती. केवढी मोठी गोष्ट! कंपनीचा माणूस दोनदा दुकानात येऊन गेला, माझा चहा पिऊन गेला, आणि जळगावच्या एका हॉटेलात साहेबांना भेटायला या, म्हणाला. गावात गोष्ट सांगतात ती अशी, की नाना जळगावला गेला, साहेबांच्या समोर बसला, कागद पुढे आले, पेन पुढे आलं, आणि नाना म्हणाला — नाही. जे मी माझ्या बागेत फवारणार नाही, ते माझ्या माणसांना विकणार नाही.

छान आहे ना वाक्य? माझंच आहे. फक्त मी ते जळगावला बोललो नव्हतो. सावद्यात बोललो होतो, हातात भरिताची पत्रावळ धरून.

झालं असं, की माझा स्वभाव मुळात उतावळा. गाडी गेटवर थांबायच्या आत उतरणारा मी. एजन्सी आपलीच, असं मी महिनाभर आधीपासून गावभर सांगत सुटलो होतो. आणि जळगावला निघायच्या सकाळी मी काय करावं? तोताराम आबांना फोन केला आणि सांगितलं, आज तुमच्या मळ्यात भरीत पार्टी, सगळ्यांना माझ्याकडून आवतण द्या. तोताराम आबा म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. थंडीचे दिवस, वांगी ऐन भरात. आमच्याकडे अशी पार्टी काम झाल्यावर ठेवतात. काम व्हायच्या आधी ठेवणारा शहाणा मीच.

हॉटेलातलं बोलणं वीस-पंचवीस मिनिटांचं. त्यातलं एक मी शेवटी सांगणार आहे — सांगणार आहे, टाळत नाहीये. पण निकाल आत्ताच सांगून टाकतो. साहेब म्हणाले, तुमचं गोडाऊन लहान आहे, वरून पत्रे गळतात असा रिपोर्ट आहे, आम्ही दुसऱ्या दुकानाशी बोलतोय. मी म्हटलं, पत्रे बदलतो. म्हणाले, नको. म्हटलं, शेजारची जागा भाड्यानं घेतो. म्हणाले, नको. मग मी अक्षरशः हात जोडले हो. उभा राहून हात जोडले. ते म्हणाले, चहा घेऊन जा.

तर मी नाही म्हटलंच नव्हतं. मला नाही म्हटलं होतं. तीनदा.

एसटीत बसून सावद्याला आलो. रस्ताभर डोक्यात एकच होतं, की मळ्यात वीस माणसं बसली असतील. बसलीच होती. कपाशीच्या काड्यांचा जाळ विझून राख झाली होती, वांगी आधीच भाजून, सोलून झाली होती, आबा स्वतः लाकडी बडजीत मिरची-लसणाबरोबर ती ठेचत होते. कांद्याची पात, शेंगदाणे, कळण्याच्या भाकरी — सगळं तयार. माझे मित्र प्रकाश सर आले होते, शाळेत शिक्षक आहेत, त्यांची दहावीतली मुलगी उज्ज्वलाही आली होती. ती कांद्याची पात निवडत बसली होती. मला बघून सगळे ओरडले, या एजन्सीवाले! कोणीतरी पत्रावळ हातात दिली. आणि आबांनी बडजीतून हात न काढता विचारलं, "झालं का रे भाऊ काम?"

मला आजही कळत नाही ते वाक्य आलं कुठून. मी एसटीत जुळवलेलं नव्हतं, देवाशपथ नाही. एसटीत मी 'अजून ठरलं नाही' असं काहीतरी गुळमुळीत बोलायचं ठरवत होतो. पण त्या वाफा निघणाऱ्या भरिताकडे बघितलं आणि तोंड उघडलं आणि ते सबंध वाक्य बाहेर पडलं — जे मी माझ्या बागेत फवारणार नाही, ते माझ्या माणसांना विकणार नाही, म्हणून नाही म्हणून आलो. असं सरळ, घडी न मोडलेलं. तुम्ही कधी स्वतःच्या आवाजाकडे वळून बघितलंय का, की कोण बोललं? मी बघितलं. त्या औषधाबद्दल मला चांगलं-वाईट काहीसुद्धा माहीत नव्हतं. मी साहेबांना विचारलंच नव्हतं.

प्रकाश सर उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. पार्टी झाली — एजन्सी मिळाल्याची होणार होती त्याच्यापेक्षा दणक्यात झाली. मी तीन भाकरी खाल्ल्या. भूक लागली होती, काय करू?

इथपर्यंत ही फक्त बढाई होती. उतावळ्या माणसाची इज्जत वाचवायची धडपड. अशी बढाई गावात कोण मारत नाही? पण पुढच्याच आठवड्यात दोघे-तिघे दुकानात आले आणि म्हणाले, नाना, त्या औषधात वाईट काय आहे ते जरा नीट सांगा. आता काय सांगणार? कंपनीचा माणूस गावात फिरत होता. मी उगाच वाईट बोललो आणि त्यानं ऐकलं, तर तो चारचौघांत म्हणेल, अहो हे तर हात जोडत होते! म्हणून मी म्हटलं, तसं औषध वाईट नाही हो. आपल्याला पटलं नाही, एवढंच. ज्याला घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं.

हे 'खुशाल घ्यावं' मला मळ्यातल्या खोट्यापेक्षा जास्त टोचतं. कारण तोताराम आबांनी घेतलं. दुसऱ्या दुकानातून आणलं, फवारलं. पहिला महिनाभर त्यांच्या बागेतले घड बघायला लोक यायचे, एवढे जाड. आबा मलाही हात धरून घेऊन गेले. मी घड चाचपला आणि खरं सांगू? पोटात जळलं माझ्या. एजन्सी गेली म्हणून जळलं. मग कापणीच्या तोंडावर केळी सालीसकट तडकायला लागली. झाडावरच. व्यापाऱ्यानं बाग बघितली आणि गाडी तशीच माघारी नेली. आबांनी त्या वर्षीचे घड स्वतः कापून गुरांपुढे टाकले. आणखीही काही बागांचं तेच झालं.

आणि मग माझं नाव झालं. बघा, नानाला आधीच कळलं होतं! असं बाजारात, पारावर, लग्नाच्या पंगतीत बोलायला लागले. सत्कार झाला. मी हार घालून घेतला.

फक्त आबा सत्काराला आले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी दुकानात आले. पिशवी होती, पण त्यांनी तिच्यातून पान काढलं नाही. काउंटर रिकामं. एवढ्या वर्षांत मी त्यांना पानाशिवाय आलेलं बघितलं नव्हतं. उभे राहिले आणि म्हणाले, "तुले माहीत व्हतं, त मले काहून नही सांगतलं?"

मला एकदम कळलं, की मी दोन्हीकडून अडकलोय. माहीत होतं म्हणावं, तर मी जिवाभावाच्या माणसाचं नुकसान बघत गप्प बसलेला. नव्हतं म्हणावं, तर मळ्यातला खोटारडा. दोन्हींतलं दुसरं खरं होतं आणि दुसऱ्यानं आबांच्या मनाला थोडं तरी बरं वाटलं असतं — आपल्या दोस्ताच्या पोरानं आपल्याला जाणूनबुजून खड्ड्यात नाही जाऊ दिलं, एवढं तरी. पण मी काय निवडलं असेल? मी म्हटलं, आबा, बसा, चहा सांगतो. ते बसले नाहीत.

म्हणजे बघा, त्या दिवसापासून आबा असं धरून चालले आहेत, की मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. आणि मी त्यांना ते धरून चालू दिलं. कारण त्यामुळे माझं 'नाही' शाबूत राहत होतं. एवढ्याशा शब्दासाठी! अजूनही आबा दुकानात येतात. पान ठेवतात. मी बाटली ठेवतो. पण आता ते चष्मा काढतात, बाटली फिरवतात आणि मागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचतात. उभ्या उभ्या. मी तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतो.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक झाली, ती सांगितलीच पाहिजे. नाव झाल्यामुळे मला पुढे खरोखरच वेडंवाकडं काही विकता येईना. लोकांचं लक्ष! बिनबिलाचा माल घेऊन कोणी आलं, की मी नाही म्हणायचो, कारण नानानं नाही म्हणायचं असतं. मग तो प्रामाणिकपणा खरा की खोटा? खूप वर्षं मी हा हिशोब स्वतःच्या बाजूनं मांडून बघितला. नाही जमत. कोणी बघत नसतं तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे.

आता उज्ज्वला. कांद्याची पात निवडणारी ती पोरगी. केमिस्ट्रीत एमएस्सी झाली, हुशार, आणि नरडाण्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. सगळ्या घराला आनंद. चार महिन्यांनी तिला सांगण्यात आलं, की बाहेर सोडायच्या पाण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर सही करत जा, नमुना घ्यायची गरज नाही, आकडे आम्ही देऊ. वर बढती. तिनं नकार दिला आणि नोकरी सोडून सरळ सावद्याला माझ्या दुकानात आली, पेढे घेऊन. नोकरी लागल्याचे पेढे सगळेच वाटतात हो, ही सोडल्याचे घेऊन आली. म्हणाली, नाना, त्या क्षणी मला तुमचं मळ्यातलं वाक्य आठवलं. शब्दन् शब्द म्हणून दाखवला तिनं. दहावीत असताना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं म्हणे.

मी दोन पेढे खाल्ले. एक खाऊन थांबलो असतो तरी चाललं असतं, नाही का?

तेव्हापासून मला एक नाद लागला. खरं 'नाही' म्हटलेली माणसं शोधायचा. कोणी भेटलं की खोदून खोदून विचारायचो — तुम्ही कधी चांगली चालून आलेली गोष्ट नाकारली का? तेव्हा कसं वाटलं? लोकांना वाटायचं, नाना भाषणाची तयारी करतोय. मला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. ज्या गोष्टीवर मी भाषणं ठोकतो, ती आतून लागते कशी? पहूरचा एक बँडवाला भेटला. त्याला लग्नसराईतली मोठी सुपारी आली होती. नवरी शाळेच्या वयाची आहे हे त्याला कळलं आणि त्यानं ती सोडली. मी विचारलं, छाती फुगली असेल? तो म्हणाला, कसली छाती नाना, तीन दिवस पोट बिघडलं होतं, आणि माझीच माणसं माझ्याशी बोलत नव्हती.

मला आश्चर्य वाटलं. मी तर तीन भाकरी खाल्ल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी धुळ्याला गेलो, तेव्हा उज्ज्वलाच्या घरी जाऊन आलो. तिला सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो, हे लिहायला आता काही अर्थ नाही, कारण सांगितलं नाही. ती आता एका खाजगी क्लासमध्ये तासावर शिकवते, नवरा मेडिकलच्या दुकानात आहे. दोन खोल्या. तिच्या सासूबाई मोठ्या प्रेमळ, ताट वाढून पुढे बसल्या आणि आग्रह करत राहिल्या, "बठ्ठं खाई ल्या नाना, लाजू नका." मी जेवता जेवता उज्ज्वलाला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तू नाही म्हणालीस तेव्हा कसं वाटलं?

तिनं थोडा वेळ सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "खरं सांगू नाना? हात थरथरत होते माझे. नरडाण्याच्या स्टेशनवर बसून रडले. अजूनही मधूनच वाटतं, चुकलं तर नाही? तुमच्यासारखं हसत हसत नाही म्हणता नाही आलं मला. माझं ते जरा कच्चंच होतं."

कच्चं! त्या पोरीनं एवढं सगळं घालवलं आणि वर ती मान खाली घालून बसली होती, की आपल्याला ते नानांसारखं जमलं नाही. माझ्या खोट्यावर तिनं स्वतःचं खरं मोजून बघितलं आणि तिला तिचं कमी भरलं. तोंडात घास होता माझ्या. तो गिळून मी काय म्हणावं? मी म्हणालो, "सवयीनं जमतं गं."

हो. असंच म्हणालो. आणि वरून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता हॉटेलातलं ते एक राहिलं. गोडाऊनचा विषय निघायच्या आधी साहेबांनी मला विचारलं होतं, शेतकऱ्यानं विचारलं की यात काय आहे, तर काय सांगाल? त्यांना वाटलं असेल मी काहीतरी शास्त्रीय सांगेन. मी खुर्चीत पुढे सरकलो आणि अभिमानानं म्हणालो, आमच्याकडे विचारत नाहीत साहेब. मी देईन ते घेतात. आमचे एक तोताराम आबा आहेत, त्यांना मी पाणी भरून बाटली दिली तरी फवारतील. साहेब हसले. मीही हसलो. माझ्याकडे मोठं गोडाऊन नव्हतं, नवे पत्रे नव्हते. त्या टेबलावर ठेवण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते मी ठेवलं, आणि तेही त्यांना पुरलं नाही.

उज्ज्वला, माझे हात थरथरले नाहीत, कारण मी काहीच सोडलं नव्हतं. तुझ्या वहीतलं वाक्य माझं नाही, ते खोडायचं की ठेवायचं ते तू बघ.

आबा, मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि तुम्हीही विचारत नाही, असं मी तुमचं नाव घेऊन सांगून आलो होतो. पण तुम्ही विचारलंत. काउंटरसमोर उभं राहून, एकदा. मी चहा सांगितला.